ही बातमी बहिणीपासून लपवू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असताना त्याच्या डाव्या काखेत गाठ पिकली. पुढे मानेतल्या गाठी दोनदा चिरून पू काढावा लागला. या वर्षी यकृतात गळू झालं आणि आम्ही कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये होतो. दर वेळी रक्त तपासलं की सांगायचे, पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, काळजी नको. आता डीएचआर नावाची तपासणी झाली आणि जनुकीय रिपोर्टही आला: क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीवायबीबी जनुकात दोष. डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं बोलतात. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरून आलं. खरंही असेल, कारण माझा मामा लहानपणी अशीच गळवं होऊन गेला. मी मुलाला बाहेर पाठवणं बंद केलं आहे, घरात कुणाला येऊ देत नाही. धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे. आई म्हणते, बाळंत होईपर्यंत तिला काही कळू देऊ नकोस. माझी मोठी मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का? माझंही तोंड सारखं येतं, उन्हात गेले की गालांवर चट्टे उठतात, पण माझं राहू द्या. मुलासाठी काय करू ते सांगा."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण मी सुरुवात तुमच्या बहिणीपासून करणार आहे. बाकी सगळ्याला थोडा अवधी आहे, तिला नाही.

कारण बीसीजीची लस. या लशीत क्षयाच्या जंतूचा एक जवळचा, दुबळा केलेला पण जिवंत भाऊबंद असतो. जिथे ही लस जन्मतःच देतात तिथे आई बाळाला घेऊन घरी निघण्याआधीच ती टोचून झालेली असते. निरोगी बाळाच्या शरीरात तो जंतू काबूत राहतो. तुमच्या मुलाला जो आजार आहे तो घेऊन जन्मलेल्या बाळात मात्र तो टोचलेल्या जागेवरून काखेतल्या गाठीत उतरतो आणि कधी कधी हाडांपर्यंत, सगळ्या शरीरभर पसरतो. तुमच्या मुलाच्या डाव्या काखेत सहाव्या महिन्यात पिकलेली गाठ यातूनच आली असण्याची बरीच शक्यता आहे, कारण ही लस बहुधा डाव्या दंडावर देतात. अशी गाठ चांगल्या धडधाकट बाळांनाही कधी कधी येते, त्यामुळे तेव्हा कुणाला शंका आली नाही यात नवल नाही. पण बहिणीच्या बाळाच्या बाबतीत शंका घ्यायला आता ठोस कारण आहे.

आईचा हेतू मायेचा आहे हे मला कळतं. गरोदरपणात लेकीला धक्का बसू नये, एवढंच तिला वाटतं. तरीही मी तुम्हाला आर्जवाने सांगतो, या एका बाबतीत आईचं ऐकू नका. बाळ झाल्यावर सांगायचं म्हणजे लस टोचून झाल्यावर सांगायचं. शिवाय बहिणीला जे सांगायचं आहे ते फारसं भीतीदायक नाही. हिशेब मांडून पाहा. मामाला आणि तुमच्या मुलाला एकच आजार असेल, तर जनुकातला तो बदल तुमच्या आजीकडून आईकडे आणि आईकडून तुमच्याकडे आला. मग तुमची बहीण वाहक असण्याची, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो बदल तिच्यात असण्याची, शक्यता निम्मी. ती वाहक असलीच तरी तिच्या मुलग्याला आजार होण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे मुलगा झाला तरी चारांत तीन वेळा तो निरोगीच असेल, आणि मुलगी झाली तर तिला हा आजार होण्याची भीती जवळपास नाही.

तिला इतकंच सांगा: "माझ्या मुलाच्या आजाराचं नाव कळलंय. तो आपल्याकडून येऊ शकतो, म्हणून तुझ्या बाळाचं रक्त जन्मल्याबरोबर तपासायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी थांबवायची." मुलाच्या जनुकीय रिपोर्टची प्रत तिच्या हाती द्या. ती प्रत प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि बाळाला पहिल्यांदा पाहणार असलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे, दोघांकडे पोचली पाहिजे आणि बहिणीच्या फाइलवर ठळक अक्षरांत नोंद झाली पाहिजे. बाळंतपणाच्या धावपळीत तोंडी सांगितलेलं हरवतं. डीएचआर तपासणीला बाळाचं थोडंसं रक्त पुरतं. ती चांगली आली की बीसीजी लगेच द्यायची. लस पुढे ढकलायची आहे, टाळायची नाही. बहिणीची इच्छा असेल तर तिचं स्वतःचं रक्त आत्ताही तपासता येतं, त्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. मुलाच्या रिपोर्टात नेमका बदल सापडलेला असल्यामुळे तिच्या रक्तात तेवढाच शोधायचा असतो.

आणि मावश्या असतील, मावसबहिणी असतील, तर हीच माहिती त्यांच्यापर्यंतही जायला हवी. मामाच्या वेळी कुणाला कळायला मार्ग नव्हता. या आजाराचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा १९५० च्या दशकात आलं आणि सुरुवातीला त्याच्या नावातच 'प्राणघातक' असा शब्द होता, कारण बहुतेक मुलं दहा वर्षांचीही होत नसत. रक्त तपासून निदान करण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली, आणि तीही मोजक्या ठिकाणी. तुमच्या आजीने काहीही उणं केलेलं नाही.

तुम्हीही नाही. सासूबाई म्हणतात त्यात जीवशास्त्रापुरतं तथ्य आहे. सीवायबीबी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एकच आणि तो आईकडून आलेला. दोनपैकी कोणता मुलाकडे जाईल हे कुणी ठरवत नाही. तुमच्या खाण्यापिण्याने, औषधाने, गरोदरपणातल्या कशानेही ते बदललं नसतं. घरात हा विषय पुन्हा निघाला तर मुलाच्या वडिलांना पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर बसवा आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. नंतर घरातल्या मोठ्यांशी त्यांनी बोलावं. हे ओझं एकट्या तुम्ही वाहण्याचं कारण नाही.

आता तुमचं "माझं राहू द्या". ते मी राहू देणार नाही. सतत तोंड येणं आणि उन्हाने गालांवर चट्टे उठणं, या दोन्ही तक्रारी या आजाराच्या वाहक स्त्रियांमध्ये सर्रास आढळतात. चट्टे ल्युपससारखे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासारखे दिसतात, पण ल्युपसच्या तपासण्या बहुधा निर्दोष येतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्यांचा छडा लावत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना मुलाचं निदान सांगितलंत तर उपचार सरळ होतील. दुसरंही एक कारण आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे वाहक स्त्रीच्या काही पांढऱ्या पेशी नीट काम करतात, काही करत नाहीत. साधारण निम्म्या-निम्म्या असतील तर जंतुसंसर्गाची चिंता नसते. पण क्वचित चांगल्या पेशींचं प्रमाण फार कमी, दहा-वीस टक्क्यांच्याही खाली असतं आणि अशा स्त्रीला मुलासारखेच संसर्ग होऊ शकतात. तुमचं प्रमाण किती ते डीएचआरमध्ये कळेल. मुलाच्या पुढच्या भेटीत तुमच्याही नावाची चिठ्ठी मागून घ्या.

पांढऱ्या पेशी भरपूर असून मूल आजारी कसं, याने तुम्हाला सगळ्यात जास्त छळलेलं दिसतं. नेहमीच्या रक्ततपासणीत पेशी मोजतात. त्या काम करतात की नाही हे त्या तपासणीत दिसतच नाही. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूपर्यंत धावत जातात आणि त्याला गिळतात. तुमच्या मुलाच्या पेशीही हे सगळं व्यवस्थित करतात. गिळल्यानंतर पेशीत काही प्रथिनं एकत्र येऊन एक एन्झाइम तयार होतं आणि ते ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड नावाचा तिखट पदार्थ बनवतं. जंतू मारण्याची पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते. सीवायबीबी जनुक यातलंच एक प्रथिन बनवतं. ते नसलं की गिळलेलं पचतच नाही. जंतू पेशीच्या आत जिवंत राहतो, शरीर आणखी पेशी पाठवत राहतं, गाठ बनते, पू साचतो. म्हणून तुमच्या मुलाच्या पेशींचा आकडा कायम चांगला, उलट वाढलेलाच दिसला. प्रतिपिंडांच्या तपासण्याही अशा मुलांमध्ये बिनदोष येतात. डीएचआरमध्ये पेशींना मुद्दाम चेतवून त्या हा पदार्थ बनवतात का ते बघतात, आणि तिथे हा आजार पकडला जातो.

इंटरनेटवर वाचताना एक जपा. पांढऱ्या पेशींचे जन्मजात आजार अनेक आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांना लागू पडत नाहीत. एका आजारात पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेरच पडू शकत नाहीत. तिथे जखमेत पू धरत नाही आणि बाळाची नाळ गळायला फार उशीर होतो. दुसऱ्या एकात न्यूट्रोफिल मुळात बनतच नाहीत. तुम्ही फक्त सीजीडीबद्दलचं, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजबद्दलचं वाचा.

सीजीडीमध्ये धोका सगळ्या जंतूंचा नसतो. विषाणूंशी लढणारी यंत्रणा वेगळी आहे आणि तुमच्या मुलाची ती यंत्रणा शाबूत आहे. सर्दी-खोकला त्याला इतर मुलांइतकाच होईल आणि तितकाच बरा होईल. शिंकणारा पाहुणा त्याच्यासाठी विशेष घातक नाही. म्हणून दार लावून घेणं, कुणाला येऊ न देणं, शाळेत न घालणं, यातून त्याचं संरक्षण होत नाही. त्याचं बालपण तेवढं जातं. दार उघडा, ताई. त्याला खेळू द्या, शाळेत घाला, दुसऱ्या मुलांबरोबर भांडू द्या.

खरा शत्रू आहे बुरशी, त्यातही अ‍ॅस्परजिलस. ती कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, कंपोस्टमध्ये, ओलसर गवताच्या गंजीत, लाकडाच्या भुश्यात, कुंडीच्या मातीत, पाडकामाच्या धुळीत असते. पाचोळ्याचा ढीग उकरताना एका वेळी पुष्कळ बीजाणू श्वासात गेले तर काही दिवसांतच दोन्ही फुप्फुसं भरून येतात आणि मूल दगावू शकतं. इथे मात्र अजिबात सवलत देऊ नका: खत-मातीत खेळणं नाही, बागकाम नाही, घरात तोडफोड चालू असेल तर ती संपून साफसफाई होईपर्यंत मूल दुसरीकडे. चुकून असा संपर्क झाला आणि ताप, धाप, खोकला यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि पाचोळ्याचा उल्लेख स्वतःहून करा, कारण यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही द्यावं लागतं आणि कारण कळल्याशिवाय ते कुणाला सुचत नाही. पोहायचं असेल तर क्लोरीन घातलेल्या तलावात. डबकी, तळी, साचलेलं पाणी नको. खरचटलं की धुऊन जंतुनाशक लावायचं, इतकं साधं.

रोजचं औषध हे त्याचं खरं कवच. बहुधा जिवाणूंसाठी कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल, दोन्ही सुरू केलेली असतील. नसतील तर का नाहीत ते विचारा. इट्राकोनाझोलचा फायदा २००३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत स्पष्ट दिसला: ३९ रुग्णांमध्ये औषध चालू असताना गंभीर बुरशीसंसर्ग एकाला झाला, तर औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या चालू असताना सात जणांना. हे औषध पातळ स्वरूपात असेल तर उपाशीपोटी आणि कॅप्सूल असेल तर जेवणानंतर द्यायचं असतं. ही अदलाबदल झाली की औषध अंगी कमी लागतं, आणि ती फार घरांत होते. इतर बऱ्याच औषधांशी त्याचं पटत नाही, म्हणून कुणीही नवीन औषध लिहून दिलं की हे चालू असल्याचं आधी सांगा. तिसरा पर्याय इंटरफेरॉन गॅमाच्या इंजेक्शनांचा, आठवड्यातून तीन वेळा. १९९१ मधल्या १२८ रुग्णांच्या चाचणीत त्याने गंभीर संसर्ग खूप कमी झाले. तरी काही केंद्रं ते सगळ्यांना देतात, काही देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांचं मत आणि त्यामागचं कारण, दोन्ही विचारा.

मूल ठणठणीत दिसत असताना रोज औषध पाजणं अवघड जातं. दोन-तीन महिने काही झालं नाही की घरातलं कुणीतरी म्हणतंच, कशाला लेकराला एवढी औषधं. तुम्ही ठाम राहा.

तापाबद्दल सगळ्यांनाच सांगावं लागतं: या मुलांमध्ये मोठा संसर्ग असूनही ताप किरकोळ असू शकतो. मूल मलूल झालं, जेवण तुटलं, वजन थांबलं, एखादी गाठ हाताला लागली, पाय टेकवून चालेना, तर थर्मामीटर काहीही दाखवो, सीआरपी आणि ईएसआर या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्या. ते वाढलेले असतील तर गळू शोधण्यासाठी स्कॅन लागतो. शक्य तिथे सुईने नमुना घेऊन कोणता जंतू आहे ते ठरवावं, कारण इथे भेटणारे सेरेशिया, बर्कहोल्डेरिया, नोकार्डिया हे जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि उपचार आठवडे, कधी महिने चालतात. आजाराचं नाव, चालू औषधं, तुमच्या तज्ज्ञांचा फोन आणि "बीसीजी देऊ नये" ही सूचना असलेलं एक पत्र डॉक्टरांकडून घ्या आणि ते कायम जवळ ठेवा. तोंडाने द्यायची टायफॉइडची लसही जिवंत जंतूंची असते, तीही नको. गोवर-गालगुंडासारख्या विषाणूंच्या लशी मात्र वेळेवर द्या. घाबरून त्या थांबवू नका. आणि पोट सतत बिघडणं, शौचातून रक्त, जेवल्यावर उलट्या, लघवीला त्रास, यांना नेहमीचं पोटदुखणं समजू नका. या आजारात आतड्यांना, जठराच्या तोंडाशी किंवा मूत्रमार्गाला जंतूशिवायही सूज येते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

राहिला ट्रान्सप्लांट. डॉक्टरांनी तो विषय काढला याचा अर्थ मुलाची प्रकृती हाताबाहेर गेली असा घेऊ नका. मूल लहान असताना, अंगात कुठे संसर्ग धुमसत नसताना केलेला ट्रान्सप्लांट सगळ्यात चांगला लागतो, म्हणूनच तो लवकर सुचवतात. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सीजीडीच्या ५६ रुग्णांचा अहवाल आला होता. त्यांना आधीची केमोथेरपी तुलनेने सौम्य दिली होती आणि त्यांतले ५२ जण पाहणीच्या काळात जगले. दाते जुळणारे होते आणि केंद्रं अनुभवी होती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. धोके खरे आहेत: दात्याच्या पेशी न रुजणं, त्यांनी मुलाच्याच शरीरावर हल्ला करणं, केमोथेरपीचा पुढे प्रजननक्षमतेवर परिणाम. दुसऱ्या बाजूला, औषधांवर ठेवलेलं मूल मोठं होऊ शकतं, पण प्रत्येक वर्षी नव्या संसर्गाची टांगती तलवार राहते. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या पेशी थोडंफार तरी सुपरऑक्साइड बनवतात ते जास्त जगतात. म्हणून तुमच्या मुलात ही क्षमता किती उरली आहे हे आवर्जून विचारा; निर्णयात त्या उत्तराचं वजन मोठं आहे. माझं मत विचाराल तर साडेतीन वर्षांच्या वयात यकृतात गळू होऊन गेलेल्या मुलासाठी, पूर्ण जुळणारा दाता मिळत असेल, तर मी ट्रान्सप्लांटच्या बाजूने झुकेन. जनुकोपचाराच्या चाचण्या चालू आहेत आणि त्यांतून काही रुग्णांच्या पेशी काम करू लागल्या आहेत, पण चांगला दाता हाताशी असताना त्याची वाट पाहत बसू नये.

या सगळ्यात एक गोष्ट सहज निसटते, ती तुम्ही लक्षात ठेवा. सीवायबीबीच्या शेजारी एक्सके नावाचं, केल या रक्तगटाशी जोडलेलं जनुक असतं. गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर दोन्ही जातात आणि अशा मुलाला साधं जुळणारं रक्त चढवलं तरी पुढच्या वेळी त्याच्यासाठी रक्त मिळणं जवळपास अशक्य होऊन बसतं. म्हणून रक्त देण्याची वेळ येण्याआधीच "केल गट तपासला आहे का" हे विचारा. यकृताच्या गळवाच्या वेळी रक्त दिलं असेल तर तेही सांगा.

आणि तुमची लेक. हा आजार तिला होण्याची भीती जवळपास नाही. ती वाहक असू शकते, शक्यता निम्मी. भावाशी तिचे पेशीगट पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. दाता म्हणून तिचा विचार झाला तर ती वाहक आहे का हे तेव्हाच तपासतील, कारण वाहक नसलेला दाता अधिक चांगला. जुळली तर तिला भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढतात. काही दिवस दुखतं आणि काही आठवड्यांत मज्जा भरून निघते. जुळली नाही तर वाहक असण्याची तपासणी आत्ता करायची घाई नको, ती मोठी होऊन स्वतः ठरवू शकेल. पण आठ वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय हे कळत असतं. रक्त घ्यायला नेण्याआधी तिला कशासाठी ते सांगा आणि हेही सांगा की जुळलं नाही तर त्यात तिचं काही चुकलेलं नसेल.

बहिणीला फोन आजच करा. आईला आधी सांगायचं असेल तर आधी सांगा, पण तिच्या होकाराची वाट पाहू नका.